दादा, तुम्ही मीटर माझ्याकडे वळवलात

दादा,

त्या दिवशी तुमच्या गॅरेजातून गाडी घेऊन निघाले तेव्हा नुसतं "येते" म्हणाले. घसा दाटून आला होता, पुढे शब्दच फुटेना. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

डॅशबोर्डवरच्या इंजिनाच्या त्या पिवळ्या दिव्याने दोन महिने माझा जीव खाल्ला होता. पहिल्या गॅरेजात बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणाले, धुरातला ऑक्सिजन मोजणारा तो सेन्सर नवा बसवला, कोड पुसला. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर. परत गेले तर म्हणे वायरिंग बघावं लागेल, गाडी ठेवून जा. दुसऱ्या गॅरेजात तर गाडीखाली कुणी वाकलंसुद्धा नाही, थेट सांगितलं की धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच बदला. मी काही विचारायला गेले की स्कॅनर स्वतःकडे ओढून घ्यायचे. "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं." हे वाक्य मला फार लागलं. पैशांपेक्षा जास्त.

तुम्ही स्कॅनर लावलात आणि कोड मलाच वाचायला सांगितलात. पी ०१४१. "ताई, हा दोन नंबरच्या सेन्सरच्या हीटरचा कोड. बदललाय तो एक नंबरचा." कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनाकडे असतो तो एक, कन्व्हर्टरच्या नंतर, मागे सायलेन्सरच्या बाजूला असतो तो दोन. पहिल्याच्या सांगण्यावरून इंजिन पेट्रोल कमी-जास्त करतं, दुसरा कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. साधारण ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय सेन्सर नीट सांगू शकत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर. एवढं समजायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, दादा. दोन महिन्यांत ती पाच मिनिटं मला कुणी दिली नव्हती.

मग तुम्ही मागच्या सेन्सरचा कनेक्टर सोडवलात, हीटरच्या दोन पांढऱ्या वायरींना विजेचा रोध मोजणाऱ्या मीटरच्या पिना लावल्यात, आणि स्वतः बघायच्या आधी मीटर माझ्याकडे वळवलात. "वाचा, काय दिसतंय?" आकडा नव्हताच, नुसतं 'ओ एल'. म्हणजे आतली तार तुटलेली. "डिकीतला तो काढलेला सेन्सर आणा." पिशवीतून आणला, त्याला त्याच पिना लावल्यात: ६.२ ओहम. मग पाकिटातला नवा: ६.४. तिन्ही वेळा मीटर मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. पुढच्या सेन्सरचा हीटर धडधाकट होता, तो सेन्सर उगाच काढला होता, हे मला कुणी सांगायची गरजच उरली नाही. आणि तुम्ही त्या गॅरेजबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत.

मागचा जुना सेन्सर गंजून घट्ट बसला होता. तुम्ही तेल सोडून वाट बघत बसलात. जोर केला तर आटे जातील, म्हणालात. नवा लावताना आधी बोटांनी फिरवून आटे नीट धरलेत ना ते पाहिलंत, मगच बावीसचा पाना हातात घेतलात. मला ते बघताना फार बरं वाटलं. कुणीतरी माझी गाडी स्वतःची असल्यासारखी हाताळत होतं.

हातात कला असलेली माणसं पुष्कळ भेटतात. पण समोरच्याला अडाणी न ठरवता, आपल्याला कळलेलं त्यालाही दिसू देणारी माणसं मला आयुष्यात मोजकीच भेटली. एक शाळेतल्या बाई होत्या, एक वडिलांच्या आजारपणातले डॉक्टर, आणि आता तुम्ही. अशा माणसाच्या दारातून बाहेर पडताना आपण फसलो नाही एवढंच वाटत नाही, आपली किंमत राखली गेली असंही वाटतं. तुम्हाला कदाचित यात काही विशेष वाटलं नसेल, रोजचंच काम म्हणून केलं असेल. त्याचंच मला जास्त अप्रूप आहे.

आज बारावा दिवस. चावी फिरवली की सगळे दिवे लागतात, इंजिन सुरू झालं की तो पिवळा दिवाही विझतो. तरी मी रोज क्षणभर थांबून बघते. काढलेला सेन्सर डिकीत जपून ठेवलाय, तुम्ही पुसून दिलात तसाच. पिशवीवर तुमच्या मार्करची अक्षरं आहेत: 'पुढचा. चालू आहे.'

तुमची,
पिवळ्या दिव्याच्या गाडीवाली ताई