एका संवादात न मावणारे हंगल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘शोले’च्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख आवडीने वाचला. जय, वीरू, ठाकूर आणि गब्बर यांच्याबरोबर लेखकाने कालिया आणि सांभा यांचीही आठवण ठेवली, याचे कौतुक वाटले. ए. के. हंगल यांच्या वाट्याला मात्र त्या पानभर मजकुरात एकच ओळ आली, तीही ‘इतना सन्नाटा क्यों है भाई’ या संवादावर आजवर झालेल्या विनोदांचा उल्लेख करण्यापुरती, आणि त्यांची ओळख ‘हिंदी सिनेमातील हतबल म्हातारा’ अशी करून देण्यात आली. या ओळखीबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले.

मुळात तो प्रसंग या संवादापाशी संपत नाही. घोड्यावरून मुलाचे प्रेत गावात आले आहे, सारे गाव मुके झाले आहे आणि त्या मुलाचे वडील, म्हणजे हंगल यांनी साकारलेले अंध इमामसाहेब, काठी टेकत पुढे येऊन काय झाले ते विचारत आहेत, इथवरच बहुतेकांच्या लक्षात राहते. त्यानंतर जय-वीरूला डाकूंच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे असे गावकरी उघडपणे बोलू लागतात, तेव्हा ज्याचा मुलगा नुकताच गेला तोच त्यांना अडवतो. मुलाच्या जनाज्याचे ओझे मी पेलतो, मग तुम्हाला या संकटाचे ओझे का पेलवत नाही, असे खडसावतो, आणि नमाजाची वेळ झाली म्हणून मशिदीकडे निघतो. ओक्साबोक्शी रडण्याची पुरेपूर संधी देणारा हा प्रसंग हंगल यांनी आवाज जेमतेम कापेल इतक्या संयमाने केला आहे. याला हतबल म्हणायचे असेल, तर त्या गावात हतबल नसलेला माणूस शोधावा लागेल.

सियालकोटमध्ये जन्मलेल्या आणि पेशावरमध्ये वाढलेल्या अवतार किशन हंगल यांनी तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला, पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले, फाळणीनंतर कराचीच्या तुरुंगात राहिले आणि १९४९ मध्ये मुंबईला आले. पोटासाठी शिवणकाम आणि मनासाठी इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेचे नाटक, अशी त्यांची पुढची वर्षे गेली. बलराज साहनी आणि कैफी आझमी हे तिथले त्यांचे सहकारी होते. १९६६ च्या ‘तीसरी कसम’मधून ते पडद्यावर आले तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते, त्यामुळे चित्रपटसृष्टीने त्यांना तरुण असे कधी पाहिलेच नाही. दोनशेहून अधिक चित्रपट त्यांनी वडील, काका, मास्तर आणि नोकर म्हणून केले.

या भूमिका एकाच साच्यातल्या होत्या असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. ‘नमक हराम’मधला त्यांचा कामगार पुढारी गिरणीमालकाच्या मुलाला माफी मागायला भाग पाडतो, ‘गर्म हवा’मध्ये ते आग्र्यात येऊन स्थिरावलेले सिंधी व्यापारी अजमानी आहेत, आणि ‘शौकीन’मध्ये तर अशोककुमार आणि उत्पल दत्त यांच्या जोडीने चक्क चावट म्हातारे झाले आहेत. मला स्वतःला ‘दीवार’मधले निवृत्त शिक्षक सर्वांत मोठे वाटतात. पाव चोरून पळणाऱ्या त्यांच्या मुलावर पोलीस अधिकाऱ्याने गोळी झाडलेली असते. तो अधिकारी त्यांच्या घरी येतो, आई त्याच्यावर तुटून पडते, आणि वडील मात्र चोरी लहान असो वा मोठी, ती चोरीच, असे म्हणून पत्नीला आवरतात. अवघ्या काही मिनिटांच्या या कामाने त्या अधिकाऱ्याचे मन वळते आणि पुढची सगळी कथा त्या वळणावर उभी राहते. दूरदर्शनवरच्या ‘तमस’ या फाळणीवरील मालिकेतले त्यांचे बक्षीजी तर फाळणी प्रत्यक्ष भोगलेल्या माणसाने केलेले काम आहे, हे जाणून पाहावे.

पडद्याबाहेर त्यांना त्याच फाळणीची किंमत म्हातारपणी पुन्हा मोजावी लागली. पाकिस्तानी वकिलातीच्या कार्यक्रमाला हजर राहिल्यावरून १९९३ मध्ये शिवसेनेने त्यांच्यावर बहिष्कार पुकारला, निर्मात्यांनी हात आखडता घेतला आणि सुमारे दोन वर्षे त्यांच्याकडे काम नव्हते. पुढे ‘लगान’मध्ये ते दिसले, २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. तरी २०११ मध्ये औषधपाण्याचा खर्च झेपत नसल्याची बातमी आली, तेव्हा कुठे चित्रपटसृष्टीतले लोक मदतीला धावले. २०१२ मध्ये ‘मधुबाला’ या मालिकेसाठी ते चाकाच्या खुर्चीतून कॅमेऱ्यासमोर आले आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्यांचे निधन झाले.

चरित्र अभिनेत्यांची आठवण आपल्याकडे मृत्युलेखात किंवा एखाद्या चित्रपटाच्या वाढदिवशीच निघते. आपल्या पुरवणीत नायक-नायिकांसाठी दर आठवड्याला पान असते, त्यातले अर्धे पान महिन्यातून एकदा अशा नटांना द्यावे, अशी विनंती आहे. लेख त्यांच्या गाजलेल्या संवादावर न लिहिता एखाद्या संपूर्ण भूमिकेवर लिहिला जावा. हंगल यांच्यापासून सुरुवात करायची झाल्यास ‘दीवार’मधला वर सांगितलेला प्रसंग लेखकाने एकदा पुन्हा पाहावा, एवढेच सुचवतो.

कळावे,
आपला,
पुरवणीचा एक जुना वाचक