तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना, सिंगापूरहून परतल्यावर

काकू,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायला मी दोनदा वर आले. दोन्ही वेळा "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही चहा ठेवलात आणि विषय मुलांवर नेलात. म्हणून आता लिहून कळवतेय, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा परदेशी जायचं म्हटलं की आमच्यासारखी कितीतरी घरं रात्ररात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. तुमच्यासारखं माणूस प्रत्येकाच्या इमारतीत नसतं.

तुमचं पातेलं परत द्यायला वर आले होते, ती सप्टेंबरातली संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. नाताळच्या सुट्टीत सिंगापूरला जायचं आमचं नुकतंच ठरलं होतं. एका ट्रॅव्हल कंपनीने पाठवलेला पाच दिवसांचा कार्यक्रम माझ्या हातात होता. अकरा ठिकाणं होती त्यात! पैसे वसूल होतील असं वाटून मी खूश होते. तुम्ही चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचलात आणि एवढंच विचारलंत, "धाकटा दुपारी किती वाजता झोपतो गं?"

दीडला, मी म्हटलं. तुम्ही त्याच कागदाच्या मागे दोन रकाने आखलेत. डावीकडे इथली वेळ, उजवीकडे तिथली. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे कार्यक्रमात सकाळी साडेआठला प्राणिसंग्रहालयाच्या दारात उभं राहायचं होतं, तेव्हा मुलांच्या अंगातलं घड्याळ सहा दाखवणार. त्याआधी उठवणं, आवरणं, बसमध्ये बसवणं, म्हणजे पहाटे चारची उठाठेव. "पाच दिवसांसाठी मुलांची घड्याळं बदलायला जाऊ नकोस," तुम्ही म्हणालात, "ती ठाण्याच्याच वेळेवर राहू देत."

मग तुम्ही सगळा दिवस नव्याने मांडलात. मुलं आपल्या सातला उठतात, तर तिथल्या साडेनऊला उठू देत. अकराला बाहेर पडा. एका दिवशी एकच ठिकाण. चारला, म्हणजे आपल्या दीडला, धाकट्याची झोप. डिसेंबरात तिथे पावसाळी हवा असते आणि बऱ्याचदा दुपारीच सर कोसळते, त्यामुळे त्या वेळी खोलीवर असलेलं बरंच. मुलं झोपून उठली की संध्याकाळ मोकळी. आणि गार्डन्स बाय द बे मधल्या त्या उंच झाडांवरचा दिव्यांचा खेळ पावणेआठला असतो, तो आपल्या सव्वापाचला! लहान मुलांना रात्रीचा कार्यक्रम झेपणार नाही म्हणून मी तोच पहिल्यांदा खोडला होता. तुम्ही तो परत लिहून त्याभोवती चौकट काढलीत.

तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईंना हे सुचलं, आणि पुढे दोन्ही लेकींच्या बाळंतपणांसाठी सिंगापुरात काढलेल्या महिन्यांनी त्याला जोड दिली. आम्ही दोघं शिकलेले आहोत, रोज संगणकावर काम करतो, पण आम्ही ठिकाणांपासून सुरुवात केली होती आणि तुम्ही मुलांपासून केलीत.

युनिव्हर्सल स्टुडिओचंही तसंच. थोरलीबद्दल विचारलंत, "हिची उंची किती?" एकशे आठ सेंटिमीटर. तिथल्या बऱ्याच मोठ्या राइड्सना उंचीची अट असते, पोर दारापाशी रडेल, हे तुम्ही सांगितलंत आणि आमचे बरेच पैसे वाचले. उंची धाकट्याचीही विचारलीत. नव्वद सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला तिथल्या मेट्रोत तिकीट नाही, मोठं माणूस सोबत असलं की झालं. आमच्या दाराच्या चौकटीवरची ती पेन्सिलची खूण अजून आहे. त्र्याऐंशी.

पण खरी वेळ कुठे सावरलीत ती सांगते. पासपोर्ट! धाकट्याचा काढायचा होता हे आम्हाला माहीत होतं. थोरलीचा आहेच, म्हणून आम्ही निर्धास्त. तुम्ही म्हणालात, तिचा जरा काढून बघ. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि तिचा ती नऊ महिन्यांची असताना काढलेला, दुबईच्या एका सहलीसाठी, जी पुढे राहूनच गेली. आमच्या जायच्या तारखेला तिच्या पासपोर्टचे जेमतेम चार महिने उरत होते, आणि लागतात किमान सहा. विमानतळावर कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही.

मग वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात दोघांचं काम एकदमच केलं. आई-बाप दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो घरूनच न्यावा लागतो, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, आणि आमचं ध्यान एका जागी बसेल तर शपथ. तुम्ही तुमच्या पलंगावर पांढरी चादर अंथरलीत, त्याला उताणं झोपवलंत, वरून खुळखुळा हलवलात, आणि यांनी खुर्चीवर उभं राहून फोटो काढला. तोच फोटो पासपोर्टवर आहे.

तारखाही तुम्हीच पक्क्या केल्यात. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जातं, त्याचं भाडं अगदी कमी असतं. पण परतीच्या दिवशीही ते दोन वर्षांच्या आतच असावं लागतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं. आमच्या धाकट्याचा दुसरा वाढदिवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तुम्ही कॅलेंडर काढून परत यायची तारीख 30 डिसेंबरच्या अलीकडे आणलीत. व्हिसा अधिकृत एजंटाकडूनच करा. अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तिथल्या इमिग्रेशनच्या साइटवर भरा, ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. हे सगळं तुमच्या वळणदार अक्षरात वहीत लिहिलेलं होतं, आम्ही फक्त एकेक ओळ खोडत गेलो.

आणि ते लाडू. निघायच्या आदल्या रात्री तुम्ही मुलांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवायला खाली आलात तेव्हा सासूबाई डिंकाच्या लाडवांचा डबा बॅगेत बसवत होत्या. तुम्ही विचारलंत, "खसखस घातलीय का यात?" घातली होती, चांगली सढळ हाताने. सिंगापुरात खसखस न्यायला बंदी आहे. तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो म्हणून तिथलं अमली पदार्थविरोधी खातं ती निषिद्ध मालात धरतं. आपल्या घरात थंडीच्या दिवसांत लाडवात खसखस पडते, अनारशाला लागते, काही घरांत काळ्या मसाल्यातही असते, कुणाच्या मनात तरी येईल का? सासूबाई आधी हिरमुसल्या, पण डबा त्यांनी स्वतःच तुमच्या हातात दिला. आमच्यासोबत मेतकूट, तूप आणि छोटा कुकर गेला, आणि तुमच्याकडचा तिथल्या तीन चौकोनी पिनांचा प्लगही. मऊ भात, मेतकूट आणि तूप यावर धाकट्याने पाच दिवस काढले.

विमान उतरायला लागलं की लगेच दुधाची बाटली द्यायची, चाकं टेकेपर्यंत थांबायचं नाही, हेही तुमचंच. गिळलं की कानातला दाब सुटतो. शेजारच्या रांगेतलं बाळ कळवळून रडत होतं आणि आमचं शांतपणे दूध पीत होतं. मला त्या आईजवळ जाऊन सांगावंसं वाटत होतं, पण पट्टा बांधायची सूचना झाली होती.

बोटॅनिक गार्डन्समधल्या मुलांच्या बागेत, जेकब बॅलस गार्डनमध्ये, आम्ही दोनदा गेलो. तिथे तिकीट नाही, आणि मूल सोबत असल्याशिवाय मोठ्या माणसाला आत सोडत नाहीत. थोरलीला हे इतकं आवडलं की दोन्ही वेळा दारात तिने "हे माझ्यासोबत आहेत" असं आपल्या मराठीत सांगितलं. प्राणिसंग्रहालयात आम्ही अकरानंतर पोचलो, निम्मंच पाहिलं, आणि वर झाडांच्या दोरांवरून जाणारा ओरांगउटान बघत ती अर्धा तास उभी होती. कंपनीच्या कार्यक्रमात तिला तो अर्धा तास मिळाला नसता.

आता एक गोष्ट, जी तुम्हालाही पूर्ण सांगितलेली नाही. हॉटेल लिटल इंडियातच घ्या असा तुमचा हट्ट होता. मला वाटलं, डाळ-भात जवळ मिळावा म्हणून. तिसऱ्या रात्री धाकट्याला ताप भरला, एकशे दोन. तुम्हाला फोन केला तेव्हा इथे रात्रीचा एक वाजला होता. तुम्ही दुसऱ्या घंटेला उचललात. आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध दिलंय ना, पाणी पितोय ना, लघवी होतेय ना, एवढं विचारलंत आणि मग म्हणालात, "खिडकीतून बघ. चालत दहा मिनिटांवर केके हॉस्पिटल आहे, बायकामुलांचं, रात्रभर उघडं असतं. विम्याचा कागद वहीच्या मागच्या खिशात आहे. म्हणून तर तिथे राहायला सांगितलं."

सप्टेंबरात तुम्ही त्या रात्रीचा विचार करून ठेवला होतात. मला तेव्हा भीती वाटू नये म्हणून बोलला नव्हतात, एवढंच.

जावं लागलं नाही. पहाटे ताप उतरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही कुठेच गेलो नाही, आणि एका दिवशी एकच ठिकाण असल्यामुळे काही बुडालंही नाही. संध्याकाळी पावणेआठला दोघं मुलं त्या दिव्यांच्या झाडांखाली सतरंजीवर आडवी पडली होती. धाकटा माझ्या पोटावर डोकं ठेवून वर बघत होता. रंग बदलला की तो "अजून" म्हणायचा. त्याला तेव्हा तेवढा एकच शब्द स्पष्ट येत होता.

काकू, वही माझ्याकडेच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांना मेमध्ये मुलीला घेऊन जायचंय, त्यांना द्यायच्या आधी तुम्हाला विचारावं म्हटलं. रविवारी सगळ्यांनी खाली जेवायला या. सासूबाईंनी तुम्हाला निरोप दिलाय की त्यांनी डिंक पुन्हा तळायला घेतलाय आणि या वेळी खसखस दुप्पट आहे.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची