बॉनेटच्या उंचीचाही विचार हवा

नवी पेठेतील वाहनकोंडीविषयीचे आपले वृत्त वाचले. त्यात हातगाड्या व रिक्षांना दोष दिला आहे. एकट्या चालकाला घेऊन बाजारात शिरणाऱ्या अवाढव्य एसयूव्हींचा मात्र उल्लेखही नाही. प्रश्न केवळ जागेचा नाही. ४० इंचांहून उंच बॉनेट असलेल्या वाहनांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या मोटारींपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवले आहे. लहान मूल तर अशा बॉनेटपुढे चालकाला दिसतही नाही. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या एसयूव्हींवरील एकूण कर ५० वरून ४० टक्क्यांवर आणला गेला. निदान महापालिकेने मधला मारुती, टिळक चौक अशा गजबजलेल्या भागांत वाहनाच्या आकारानुसार पार्किंग शुल्क आकारावे.

– एक वाचक, सोलापूर