एमसीबी सारखी पडते म्हणून मोठी बसवू नका

संपादक महोदय,

दुकानाला आग लागली की बातमीत 'शॉर्टसर्किट' हा शब्द ठरलेलाच. खऱ्या शॉर्टसर्किटला एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच, म्हणजे ब्रेकर) क्षणात पडते, ती त्यासाठीच असते. तिला पत्ता लागत नाही तो दिवसभर चालणाऱ्या लोडने तापत राहणाऱ्या वायरचा आणि तिच्या सैल जोडाचा.

घरचा गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, वायर निवते. कापडाच्या शोरूममधले एसी सकाळी दहाला लागतात ते रात्री नऊलाच बंद होतात. अमेरिकेच्या नियमावलीत सलग 3 तास किंवा अधिक चालणारा लोड सव्वापट धरतात. म्हणजे साध्या 20 अँपिअरच्या ब्रेकरवर असा लोड 16 पर्यंतच. आपल्याकडची रीत वेगळी : एमसीबी लोडपेक्षा कमी नको आणि वायर जिथे टाकली आहे तिथल्या तिच्या क्षमतेपेक्षा जास्त नको. घोळ होतो तो या 'तिथल्या'त.

दीड टनाचे दोन एसी, प्रत्येकी 8 अँपिअर, मिळून 16. वायरमन 20 ची एमसीबी लावतो, अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची) तांब्याची वायर ओढतो. वायरच्या क्षमतेच्या तक्त्यात भिंतीवरच्या पाइपातल्या अडीचच्या पीव्हीसी वायरला 24 अँपिअर दिलेले असतात, म्हणून सगळे निर्धास्त. पण तो आकडा भोवतालच्या 30 अंश तापमानाचा आणि पाइपात एकच सर्किट असेल तेव्हाचा. फॉल्स सीलिंगच्या वर 40 अंश धरा, 0.87 ने गुणा. त्याच पाइपातून अशी तीन भरलेली सर्किटे गेली असतील तर आणखी 0.7 ने. उरले 14.6. त्यातून 16 अँपिअर रोज अकरा तास वाहणार, वायर पीव्हीसीची 70 अंशांची मर्यादा ओलांडणार आणि 20 ची एमसीबी हूं की चूं करणार नाही. चारची वायर घेतली तरी 32 चे 19.5 होतात, 20 ला किंचित अपुरेच. त्या पाइपात दोनच सर्किटे ठेवली तर मात्र चारच्या वायरला 22.3 मिळतात. तिसऱ्यासाठी वेगळा पाइप टाकायला अशी किती मजुरी पडते?

एमसीबीचेही गणित 30 अंशांचेच. 20 ची एमसीबी 22.6 अँपिअरला तासभर पडू नये आणि 29 ला तासाच्या आत पडावीच, असा मानकाचा दंडक आहे. मधल्या टापूत भरवसा नाही. डीबीत (एमसीबींच्या पेटीत) भरलेल्या एमसीबी खेटून बसवल्या की एकमेकींना तापवतात आणि लवकर पडू लागतात. दिवाळीत जादा दिवे त्याच सर्किटवर येतात, ऐन गर्दीत एमसीबी पडते, मालक वैतागतो, वायरमन 32 ची बसवून जातो. पडणे थांबते. वायर तीच अडीचची! भारी सर्किटे डीबीत एकमेकांशेजारी न लावता मध्ये हलकी लावली किंवा जागा मोकळी सोडली, तर यातला बराच त्रास आधीच टळतो.

जोड पाहायचा तर मेन बंद करून, सप्लाय नसल्याची खात्री झाल्यावरच वायरमनकडून डीबीचे झाकण उघडून घ्यावे. टर्मिनलपाशी इन्सुलेशन तपकिरी, कडक झालेले असते, कधी माशासारखा वास येतो. कारण बहुधा साधे : मल्टिस्ट्रँड वायरच्या दोन-चार तारा स्क्रूबाहेर राहिलेल्या, किंवा स्क्रू इन्सुलेशनवरच आवळलेला. नुसता स्क्रू पिळून भागत नाही. जळका भाग कापून, नवे टोक सोलून, फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची नळी) दाबून म्हणजे क्रिंप करून बसवावे लागते, आणि एमसीबीचे टर्मिनल भाजले असेल तर एमसीबीही बदलावी.

वायरिंगचे कोटेशन 'पॉइंट'वर (दिवे, पंखे, प्लग यांच्या संख्येवर) मिळते, त्यात लोड किती तास चालणार याचा रकानाच नसतो. गाळेधारकांनी सर्किटागणिक अँपिअर, तास, पाइपातली सर्किटे, वायर आणि एमसीबी लिहून मागावे, आणि ताबा घेताना सगळे एसी चालू करून तीन तासांनी वायरमनला क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून प्रवाह मोजणारे यंत्र) लावायला सांगावे.

– एक विद्युत कंत्राटदार, पुणे