चिऊ, यंदा ट्रेलरचं तुलाच बघायचंय

चिऊ,

काल फोनवर घाईत बोललो म्हणून आज नीट टाईप करतोय. आजीला एकटं सोडता येत नाही, त्यामुळे आम्ही मार्चपर्यंत चिपळूणलाच, म्हणजे आपला कॅम्पिंगचा ट्रेलर, गाडीमागे ओढायचं आपलं चाकांवरचं घर, थंडीसाठी तुलाच तयार करावा लागणार. तिकडे अमेरिकेत, ग्रँड रॅपिड्सला, आता रात्री पारा शून्याखाली जायला लागेल, तेव्हा याच वीकेंडला ये, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत ठेवू नकोस.

मी लहान असताना मे महिन्यात आपल्या घराची शाकारणी व्हायची, कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, परत रचायची, मग पडवीला झापं बांधायची. आजोबा म्हणायचे पाणी कुठून शिरतंय ते पाऊस यायच्या आधी शोधायचं. ट्रेलरचंही अगदी तेच आहे गं, लोक बर्फाला घाबरतात पण खरं नुकसान करतं ते पाणी.

आधी आतलं पाणी. गोठलं की ते साधारण ९ टक्के फुगतं आणि नळ, पाईप, पंप, मधे येईल ते फोडतं. पहिल्या वर्षी मी सगळं केलं आणि बाहेरचा शॉवर विसरलो, तो मागे छोट्या झाकणाआड असतो ना तो, एप्रिलमध्ये पाणी चालू केलं तर भिंतीच्या आतून धार, तुझ्या बंकखाली प्लायवूडचा नवा तुकडा आहे तो त्यामुळेच बसवावा लागला. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

तर असं कर. टाक्या सगळ्या रिकाम्या कर. पाणी तापवायचा हीटर बंद करून पूर्ण गार होऊ दे, प्रेशर सोड आणि मगच त्याचा प्लग काढ, गरम असताना अजिबात हात लावायचा नाही. प्लगलाच अ‍ॅनोड रॉड आहे, टाकीऐवजी स्वतः गंजणारी धातूची कांडी, तो झिजून काडी झाला असेल तर नवा आण. खालचे दोन्ही ड्रेन उघडून पाणी जाऊ दे, मग बंद कर. आता हीटरला वगळणारा बायपासचा व्हॉल्व्ह फिरव, नाहीतर अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारं द्रव, नुसतं हीटरची ६ गॅलनची टाकी भरत बसेल. मग पंपाची नळी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये घाल आणि एकेक नळ, गरम थंड दोन्ही, गुलाबी धार येईपर्यंत उघड, टॉयलेट फ्लश कर, आणि चिऊ, बाहेरचा शॉवर! दोन-तीन गॅलनमध्ये होतं. सिंकच्या आणि बाथरूमच्या जाळीतून कपभर ओत म्हणजे खालच्या वाकड्या पाईपमधलं पाणी गोठणार नाही. आरव्हीचं, म्हणजे अशा राहायच्या गाड्यांसाठीचं, गुलाबी अँटीफ्रीझच आण, कारच्या रेडिएटरचं हिरवं विषारी असतं, ते पिण्याच्या लाईनमध्ये जाता कामा नये.

मग छत. कोरड्या उन्हाच्या दुपारी चढ, एकटी चढू नकोस, खाली शिडी धरायला कुणीतरी हवंच. व्हेंटभोवती, स्कायलाईटभोवती आणि पुढच्या-मागच्या जोडावर बोट फिरवून बघ, सीलंटला चीर दिसली किंवा कड सुटलेली वाटली तर साफ करून त्यावर नवा थर दे. केसाएवढ्या चिरेत पाणी जातं, रात्री गोठतं, चीर मोठी करतं, आणि असं पूर्ण हिवाळाभर चालतं. साफ करायला साबणपाणीच घे, पेट्रोल-रॉकेलवालं काही नको, आपलं छत रबराचं आहे ते फुगतं.

निळी ताडपत्री मात्र बिलकुल टाकू नकोस, स्वस्त पडते खरी पण आत दमट हवा कोंडून बुरशी धरते आणि वाऱ्यात फडफडून रंग घासते. गॅरेजमध्ये हवा खेळणारं कव्हर आहे, टोकदार कोपऱ्यांवर जुने टॉवेल बांधून मग ते घाल. बर्फ फार साठला तर खाली उभी राहून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ओढ, फावडं नको.

बॅटरी काढून बेसमेंटमध्ये आण आणि महिन्यातून एकदा चार्ज कर. उतरलेली बॅटरी उणे ७ सेल्सिअसच्या आसपासच गोठते, भरलेली असली तर तिथली थंडी आरामात काढते. टायरखाली फळ्या घाल, वर कव्हर, हवा पूर्ण भर. गॅसच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद.

उंदरांचं मात्र मनावर घे. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून ते आत येतात आणि वायरी कुरतडतात. टॉर्च घेऊन खाली आडवी हो, जिथून पाईप आणि वायरी आत गेल्यात तिथे स्टील वूल ठासून भर, नुसता फोम ते खाऊन टाकतात. आत खायचा कण ठेवू नकोस, बिस्किटं, चहा, मसाले, सगळं काढ. फ्रीज पुसून दार उघडंच राहील असं अडकव नाहीतर वास धरतो. गाद्या भिंतीपासून लांब उभ्या कर.

छतावर गेलीस की व्हिडिओ कॉल लाव, इथे रात्र असली तरी चालेल, मी जागा राहीन, आपण एकेक जोड मिळून बघू. आणि आई सांगतेय की ओट्याखालच्या कपाटात तिची कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी राहिलीये, ती आधी घरी ने.

तुझा बाबा