सोलर हीटरचा सदोष सेन्सर आणि तुमच्या ग्राहक सेवेची उत्तरं यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या माणसाशी जे बोलणं झालं, त्यानंतर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही. म्हणून लेखी देते आहे.

आमच्या गच्चीवर तुमची २०० लिटरची सोलर टाकी आहे, तिच्यात ऊन नसताना विजेवर पाणी तापवणारी २ किलोवॉटची बॅकअप कॉइल आणि जिन्यात डिजिटल कंट्रोलर. कोल्हापुरात आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, म्हणूनच कॉइल आणि कंट्रोलरचे जादा पैसे मोजले. पाणी निवलेलं असेल तर पहाटे २ वाजता कॉइल लागावी आणि ६० अंशांना बंद व्हावी, असं तुमच्याच फिटरने लावून दिलं होतं. २०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला तिला साधारण चार तास लागतात, म्हणजे सहाला आंघोळीचं पाणी तयार. पाऊस सुरू झाल्यापासून ती कॉइल लागलेलीच नाही. कंट्रोलर रात्रंदिवस ६१ अंश दाखवतो आणि नळाला गार पाणी येतं.

नळाच्या मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतं का, हेही पाहून झालं. बाथरूमकडे जाणारे व्हॉल्व्ह बंद करून गच्चीवर टाकीच्या आउटलेटलाच पाणी काढलं, तेही गार. मग आमच्या इलेक्ट्रिशियनने पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर टाकीतून काढून मगभर साध्या पाण्यात धरला. खाली जिन्यात मी पडद्यासमोर उभी होते. आकडा ६१ वरून हलला नाही.

कारणही त्याने दाखवलं. सेन्सरची वायर तोकडी पडली म्हणून तुमच्या फिटरने तिला तुकडा जोडला आणि तो सांधा नुसती काळी टेप गुंडाळून उघड्या गच्चीवर टाकून दिला. टेपखाली पाणी होतं, तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. पाणी निवतं तसा या सेन्सरचा रेझिस्टन्स वाढायला हवा. सांध्यात ओल शिरली की तिथूनच करंट वाट काढतो, रेझिस्टन्स कमी भरतो आणि कंट्रोलरला पाणी तापलेलं वाटतं. हे तुम्हाला मी सांगायला नको, माल तुमचा आहे.

आता कालचं बोलणं. माणसाने विचारलं, पडद्यावर किती दिसतंय? म्हटलं, ६१. "मग पाणी गरम आहे, मॅडम." मी म्हटलं, मी बादलीत हात घालून बोलते आहे, पाणी गार आहे. "मॅडम, सिस्टीम चुकीचं दाखवत नाही." मी सांध्याचं सांगायला लागले, तर मला मध्येच तोडून म्हणाला, "आजी, वय झालं की पाणी गार लागतं. घरात दुसरं कोणी असेल तर त्यांच्याकडे फोन द्या."

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. तापमान कशाने मोजतात हे मला कळतं, आणि नसतं कळत तरी गार पाण्याला गार म्हणायला माणसाला पदवी लागत नाही. मी फोन कोणाकडेही दिला नाही. त्यावर त्याने सुनावलं, की बाहेरच्या इलेक्ट्रिशियनने हात लावल्यामुळे आता वॉरंटी धरली जाणार नाही. तुमचा माणूस येतच नव्हता, म्हणून बाहेरचा बोलवावा लागला! फोन ठेवतो न ठेवतो तोच मोबाइलवर मेसेज आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." काय निकाली काढलंत? कॉइल आजही लागलेली नाही.

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांना गार पाणी चालत नाही. रोज सकाळी गॅसवर पातेलं तापवून ते उकळतं पाणी ओल्या फरशीवरून मोरीत न्यावं लागतं. कॉइल थेट जोडून द्यायला इलेक्ट्रिशियनने नकार दिला, कारण मग ६० अंशांना ती तोडणारं काही राहत नाही. त्याला ही काळजी आहे. तुमच्या फिटरने टेप गुंडाळताना ती केली नाही.

तुमची आधीची टाकी माझ्या माहेरी आजही चालू आहे. तिच्यावर विश्वास ठेवून मी दुसरी कुठली कंपनी पाहिलीसुद्धा नाही, याचं फार वाईट वाटतं.

सेन्सर अखंड वायरीसह बदलून द्या. त्याचे पैसे मी देणार नाही. वॉरंटी कायम असल्याचं लेखी हवं. कालच्या फोनचं रेकॉर्डिंग तुम्ही स्वतः ऐका आणि त्या माणसाला मला फोन करायला लावा. सात दिवसांत हे झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, आणि सांध्याचे फोटो, पावती, तुमचा तो मेसेज, सगळं जपून ठेवलेलं आहे.

माणूस सकाळी दहानंतर पाठवा. वायर मोजून पूर्ण लांबीची आणायला सांगा, जिन्यापासून टाकीपर्यंत.

तुमची ग्राहक,
कोल्हापूर