आई, तुला बोट लागणार नाही अशी बोट बघून आले

प्रिय आई-बाबा,

फोनवर धड काही सांगता येत नाही आणि रविवारी चिऊ सतत मधेमधे करत होती, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय. इथे मेरीलँडमधे अ‍ॅनापोलिसचा सेलबोट शो, म्हणजे शिडाच्या बोटींचं प्रदर्शन, झाला. ऑक्टोबर जवळ आला की माझं काय होतं ते बाबांना चांगलं माहितीये. पण यावर्षी मी सगळा शो तुझ्या नजरेने बघितला आई. म्हणजे प्रत्येक बोटीवर चढताना एकच विचार, आईचे गुडघे इथे चालतील का, धरायला काही आहे का, आणि मुख्य म्हणजे आईला इथे बोट लागेल का.

कारण गेल्या वेळी तू म्हणालीस ना, "तुम्ही दोघं जा, मी काठावर बसते", ते माझ्या मनातून गेलेलंच नाही. मला बोटींचं हे वेड लागलं ते बाबांमुळे आणि अलिबागमुळे, आणि घरातलं एक माणूस कायम काठावर, हे मला नकोय. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना तुझे काय हाल व्हायचे ते मला आठवतंय, लिंबू नाकाशी धरून डोळे गच्च मिटून बसायचीस, त्यात तो डिझेलचा वास आणि गर्दी. पण त्या लाँचवरून सगळ्या बोटींचा हिशोब करू नकोस गं.

आधी शोबद्दल सांगते, बाबांसाठी. १९७० मधे जेरी वुड नावाच्या माणसाने हा सुरू केला, त्याची गावात सेलिंगची शाळा होती. तोपर्यंत बोटींची प्रदर्शनं मोठमोठ्या हॉलमधे भरायची, ह्याने ठरवलं की शिडाच्या बोटी पाण्यातच दाखवायच्या. सिटी डॉक म्हणजे गावाच्या ऐन मधे आलेलं चिंचोळं पाणी, एका बाजूला नेव्हल अ‍ॅकॅडमी, वर टेकडीवर स्टेट हाउस म्हणजे राज्याचं विधानभवन. शोसाठी ते सगळं पाणी तरंगत्या जेट्ट्यांनी भरून टाकतात आणि मग तुम्ही चालत चालत एका बोटीवरून दुसरीवर. बूट काढूनच वर जायचं, मालक असो की माझ्यासारखी नुसती बघणारी. डोलकाठ्यांची इतकी दाटी की आभाळ तुकड्यातुकड्यात दिसतं. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी शो संपल्यावर सगळ्या बोटी एकामागून एक बाहेर काढतात, तो कार्यक्रम बघायला काठावर वेगळी गर्दी असते, मीही थांबते, कारण एवढ्याशा जागेत बोट वळवणं हे खरं कसब, तिथे कोणाला किती येतं ते कळतं.

आता तुझा मुद्दा. शिडाची साधी बोट, एका खोडाची (खोड म्हणजे बोटीचा पाण्यात बसणारा भाग), वारा भरला की एका अंगाला कलते. खाली शिशाची नाहीतर लोखंडाची जड कील, म्हणजे तळाला पाण्याखाली लावलेलं पातं, असते त्यामुळे ती उलटत नाही, उलट जितकी कलेल तितकं ते वजन तिला सरळ करायला बघतं, पण बसणाऱ्याला ते कलणं भीतीचं वाटतं आणि तुला तर नक्कीच वाटेल. कॅटमरान म्हणजे दोन खोडं, ती जवळजवळ सपाटच चालते, चहाचा कप ठेवलेल्या जागी राहतो. गेटवे-मांडवा करते तीच जात, फक्त हिला शीड. शोमधे हल्ली ह्यांचीच चलती आहे. एका चाळीस-बेचाळीस फुटीवर बराच वेळ काढला. बाहेर बसायची जागा आणि आतली खोली एकाच पातळीला, उतरायला शिडी नाही, सरकतं दार उघडलं की झालं. साध्या बोटीत खाली जायला पाच-सहा उभ्या पायऱ्या असतात आणि त्या उलटं तोंड करून उतरायच्या, ते तुझ्या गुडघ्यांना जमणार नाही. स्वयंपाकाचा ओटा खिडकीपाशी, ओट्याला कड केलेली म्हणजे भांडं घसरत नाही. संडास पण बघून आले, तू विचारणारच! बटणावर चालतो, सगळं टाकीत जमा होतं आणि टाकी नंतर जेट्टीवर पंपाने रिकामी करून घ्यायची, खाडीत सोडायला इथे बंदी आहे.

अशी बोट नवी घ्यायची तर अर्धा मिलियन डॉलरच्या पुढेच जाते, त्यामुळे बाबा काळजी करू नका, मी विकत वगैरे घेत नाहीये. एका दिवसासाठी तांडेलासकट भाड्याने मिळते.

आणि खरं सांगायचं तर कॅटमरान कलत नाही पण आखूड लाटांवर ती धक्के देते, काही लोकांना ते उलट जास्त त्रासाचं होतं, म्हणून बोटीपेक्षा पाणी कुठलं हे जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत झालंय. इथली चेसापीक ही खाडी आहे, दर्या नाही. लांबीला सुमारे ३२० किलोमीटर पण सरासरी खोली साडेसहा मीटरच्या आसपास, आणि अ‍ॅनापोलिसला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर! बाबा, आपल्याकडे ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आणि भरतीला तिथेच होडी, आणि इथे फूटभर. समुद्राची मोठी लाट आत येतच नाही. जोराच्या वाऱ्यात ही खाडी पण खवळते, तशा दिवशी आपण जायचंच नाही. उन्हाळ्यात इथे वारा मरतो आणि पाण्यात जेलीफिश होतात, ऑक्टोबर सगळ्यात चांगला, कोरडी हवा आणि बेताचा वारा.

अजून एक, बोट लागते ती डोळे आणि कान वेगवेगळं सांगतात म्हणून. आत बसलं की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं आपण हलतोय. तू लाँचमधे डोळे मिटून बसायचीस, म्हणजे नजरेला क्षितिज मिळायचंच नाही. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी इथे रेस असते, मी क्रू म्हणून जाते ना, तिथे नव्या माणसाला मळमळायला लागलं की त्याच्या हातात सरळ सुकाणू देतात, नजर क्षितिजावर जाते, हाताला काम मिळतं आणि बऱ्याच जणांना बरं वाटतं. त्यामुळे आई, तू बसायचं नाहीस, तू बोट चालवायचीस. मनापासून सांगतेय. मी शेजारी उभी असेन. आल्याच्या वड्या तेवढ्या घेऊन ये.

बाबा, तुमच्यासाठी वेगळं बरंच आहे. शोमधे एका ब्रिटिश गृहस्थांशी बोलताना रस्टलर ३६ चा विषय निघाला, आपला अभिलाष टॉमी २०२३ मधे त्याच जातीच्या बोटीवर गोल्डन ग्लोब रेसमधे, म्हणजे एकट्याने जगाला फेरी मारायच्या शर्यतीत, दुसरा आला, हे त्यांना पाठ होतं. पण म्हादेई त्यांना माहिती नव्हती. मग मी सुरूच झाले, की गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ती बांधली, छप्पन फुटी, आणि २००९-१० मधे दिलीप दोंदे तिच्यावरून एकटे जगाला फेरी मारून मुंबईला परत आले, एकट्याने असं करणारे पहिले भारतीय. मग त्याच यार्डातली तारिणी, तिच्यावरून आधी नौदलातल्या सहा जणी जगाला फेरी मारून आल्या, आणि २०२४-२५ मधे दोघीच, दिलना आणि रूपा. ते गृहस्थ नावं लिहून घेत होते. मला इतकं भरून आलं, तुम्ही तिथे हवे होतात.

आणि स्किपजॅक बघायच्यात तुम्हाला. ऑयस्टर काढायच्या लाकडी शिडाच्या बोटी. आपल्याकडे मचव्यांना इंजिनं आली आणि शिडं गेली, इथे कायद्यानेच ती टिकली, शीड लावूनच ऑयस्टर खरवडायचे असा नियम होता, १९६७ पासून आठवड्यातले दोन दिवस इंजिनाच्या छोट्या होडीने ढकलायला परवानगी मिळाली. आता थोड्याच उरल्यात, पण १९८५ मधे मेरीलँडने तिला राज्याची बोट म्हणून जाहीर केलं. आपल्या मचव्याचं असं कोणीतरी करायला हवं होतं, मला खरंच वाईट वाटतं.

तर बेत असा. पुढच्या ऑक्टोबरला या. शो गुरुवारी बघायचा, शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मग एक बरा दिवस बघून कॅटमरानने थॉमस पॉइंटच्या दीपस्तंभापर्यंत, पाण्यात खांबांवर उभं असलेलं सहा कोनी लाकडी घर आहे ते, १८७५ चं. आपला खांदेरीचा दिवा त्याहून आठ वर्षांनी जुना, बाबा! परत येऊन चिंबोऱ्या, इथल्या निळ्या पायांच्या असतात, तुमचे जावई वाफवतील पण कालवण तूच कर आई.

तुमचा व्हिसा अजून चालू आहे, पण बाबांचा पासपोर्ट कधी संपतो ते कपाटातल्या निळ्या फाइलमधे बघून मला फोटो पाठवा. आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, व्यायाम सांगितलाय तो ती करते की नाही ते पण कळवा. तिकिटं मी मे महिन्यात काढते.

तुमची,
ताई
(चिऊने खाली बोट काढलीये, शीड उलटं आहे पण तिला सांगू नका)